अप्रीतीचा गुन्हा

टीकाकाराचें काम ग्रंथ वाचणें व तो इतरांस नीट वाचतां येईल असें करणें, एवढेंच असतें. काव्य, नाटक, कादंबरी, चरित्र हे त्याच्या नित्याच्या व्यवहारांतले विषय. कायद्याचीं कलमें तो वकिलांकडे सोपवितो, व तें योग्यच आहे. परंतु एक कलम असें आहे कीं, तें स्वतःच आपल्या लेखकांना दीडशें वर्षें वाचीत आलें. टिळकांचे अग्रलेख त्यानें वाचले, शिवरामपंत परांजपे यांचे निबंध वाचले, गांधींचे लेख वाचले. स्वराज्य आल्यावर सभांतलीं भाषणें व वर्तमानपत्रें वाचलीं. आणि अगदीं अलीकडे व्यंगचित्रेंहि वाचलीं. इतकें वाङ्मय ज्यानें वाचलें, आणि प्रत्येक वाचनाच्या शेवटीं ज्यानें तुरुंगाचें दार दाखविलें, त्या वाचकाचें परीक्षण एकदां वाङ्मयाच्या दृष्टीनें करून पाहाणें अप्रस्तुत होणार नाहीं. परकी राज्य गेलें, राजा गेला, पिनल कोडहि गेलें. तरी या कलमाचा आत्मा गेला नाहीं, तो कां, हा प्रश्न केवळ वकिलांचा नाहीं. तो जे जे लिहितात व जे जे वाचतात त्या सर्वांचा आहे.

प्रथम या कलमाची जन्मकथा थोडक्यांत सांगतों. मेकॉलेच्या विधि आयोगानें १८३७ सालीं पिनल कोडाचा मसुदा तयार केला, त्यांत ११३ व्या क्रमांकावर हें कलम होतें. १८६० सालीं कोड मंजूर झालें तेव्हां तें त्यांतून गळलें होतें. दहा वर्षांनीं, १८७० सालीं, जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनीं तें १२४-अ या क्रमांकानें पुन्हां बसविलें. पूर्वीं तें गळलें हा निव्वळ चुकीचा प्रकार होता, असें त्यांचें म्हणणें. १८५७ च्या बंडानंतरचा तो काळ, वहाब्यांच्या चळवळीची सरकारला धास्ती. कलमाचा आशय असा कीं, जो कोणी शब्दानें, खुणेनें, चित्रानें किंवा अन्य रीतीनें कायद्यानें स्थापित झालेल्या सरकाराविषयीं अप्रीति उत्पन्न करील, अथवा करण्याचा यत्न करील, तो दंडास पात्र. ‘द्वेष’ आणि ‘तुच्छता’ हे दोन शब्द त्यांत मागाहून, १८९८ सालीं, आले.

या रचनेंतील विलक्षणपणा लक्षांत घेण्यासारखा आहे. चोरीच्या कलमाला चोरलेली वस्तु लागते, खुनाच्या कलमाला प्रेत लागतें, बनावट दस्तऐवजाच्या कलमाला निदान तो कागद तरी दाखवावा लागतो. या कलमाला लागते एक भावना. तीहि आरोपीची नव्हे. आरोपीच्या शब्दांनीं दुसऱ्या कोणाच्या मनांत उद्भवणारी, किंवा उद्भवूं शकली असती अशी. यत्न हाच गुन्हा असल्यामुळें ‘हा लेख वाचून माझी सरकारावरील प्रीति नाहींशी झाली’ असें सांगणारा एकहि साक्षीदार उभा करावा लागत नाहीं. म्हणजे न्यायाधीशानें व ज्यूरीनें एक कल्पित वाचक मनाशीं धरावयाचा, त्याच्या हृदयांत शिरावयाचें आणि तेथें काय खळबळ झाली असती याचा निर्णय करावयाचा. हें कायद्याचें काम नव्हे, रसग्रहणाचें आहे. भावनेची उत्पत्ति, तिचीं कारणें, तिचा परिपोष हा आपल्याकडील साहित्यशास्त्राचा शतकानुशतकांचा विषय आहे आणि त्या शास्त्रांतहि मतैक्य झालेलें नाहीं. जें मम्मटाला व जगन्नाथाला एकमतानें सांगतां आलें नाहीं, तें पिनल कोडानें सेशन्स जज्जास सांगण्यास बसविलें!

असे वाचन प्रत्यक्षांत कसें झालें तें पाहूं. १८९१ सालीं कलकत्त्याच्या ‘बंगवासी’ पत्रावर खटला झाला. प्रीतीच्या उलट जी भावना ती अप्रीति, असा अर्थ मुख्य न्यायाधीश पेथेरम यांनीं ज्यूरीला सांगितला; ज्यूरींत एकमत झालें नाहीं आणि पुढें माफीवर तो खटला मिटला. त्यानंतर १८९७ सालीं टिळकांचा पहिला खटला मुंबईच्या हायकोर्टांत उभा राहिला. १५ जूनच्या ‘केसरी’ंतील शिवाजीच्या तोंडीं घातलेली एक कविता व शिवाजी-उत्सवांतील व्याख्यानांचा वृत्तांत हा पुरावा. न्यायमूर्ति स्ट्रेची यांनीं ‘अप्रीति’ म्हणजे केवळ प्रीतीचा अभाव असा अर्थ लावला, आणि त्याच्या पोटांत वैर, नावड, तिटकारा अशा सर्व छटा घातल्या. सहा युरोपियन ज्यूररांस टिळक दोषी दिसले, तीन हिंदी ज्यूररांस निर्दोष दिसले. लेख एक, भाषांतर एक, कोर्ट एक. वाचकांचे मात्र दोन तट. ज्या गुन्ह्याचें अस्तित्व वाचणाऱ्याच्या जन्मभूमीवर अवलंबून राहतें, त्याला गुन्हा म्हणावें कीं मतभेद म्हणावें? टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली, हें सर्वश्रुतच आहे.

त्याच वर्षीं याच हायकोर्टापुढें सातारा जिल्ह्यांतील ‘प्रतोद’ पत्राचें प्रकरण आलें, व त्या न्यायपीठावर न्यायमूर्ति रानडे होते. रानडे यांनीं स्ट्रेचींहून सूक्ष्म अर्थ केला. प्रीतीचा नुसता अभाव म्हणजे अप्रीति नव्हे; सत्तेला झुगारून देणारी, राजनिष्ठेच्या विरुद्ध जाणारी अशी ती एक प्रत्यक्ष वैरभावना असली पाहिजे, असें त्यांनीं सांगितलें. मराठी वाचकाला या निवाड्याचा अभिमान वाटावा हें स्वाभाविक आहे. परंतु निकाल काय झाला? शिक्षा कमी झाली, दोष मात्र कायम राहिला. या घटनेकडे आम्ही वाचकांचें मुद्दाम लक्ष वेधतों, कारण पुढील सव्वाशें वर्षांच्या इतिहासाचें बीज यांत आहे. कलमाची व्याख्या सौम्य करावयाची व त्या सौम्य व्याख्येच्या आधारें कलमाला जीवदान द्यावयाचें, ही परंपरा येथें सुरू झाली. क्रूर अर्थ लावणारा न्यायाधीश एखाद्या कलमाची जितकी अप्रतिष्ठा करतो, तितकीच विवेकी अर्थ लावणारा त्याची प्रतिष्ठा वाढवितो. रानड्यांसारख्या सत्पुरुषाचा हात लागल्यानें तें कलम शुद्ध झालें नाहीं, दीर्घायु झालें.

१९०८ चा खटला तर मराठी भाषेचाच खटला होता. ‘देशाचें दुर्दैव’ व ‘हे उपाय टिकाऊ नाहींत’ हे दोन अग्रलेख मराठींत लिहिलेले. ज्यूरीपुढें गेलें तें त्यांचें इंग्रजी भाषांतर. सात युरोपियन व दोन पारशी अशी ती ज्यूरी. टिळकांनीं स्वतः उलटतपासणी करून कोर्टाच्या भाषांतरकाराला एकेका शब्दावर थांबविलें आणि पुढें एकवीस तासांहून अधिक वेळ भाषण केलें. त्या भाषणाचा मोठा भाग राजकारणाचा नसून शब्दार्थाचा आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. राजकीय विचार नव्यानेंच मराठींत येत होते, त्यांना शब्द घडविले जात होते, आणि अशा कोवळ्या शब्दाला इंग्रजी कोशांतील जो प्रतिशब्द मिळेल त्याचें सर्व पाप मूळ लेखकाच्या माथीं मारलें जात होतें. सात विरुद्ध दोन असा कौल होऊन टिळक सहा वर्षांसाठीं मंडालेस गेले. शिक्षा सांगणारे न्यायमूर्ति दावर हे १८९७ सालीं बॅरिस्टर म्हणून याच टिळकांचे वकील होते व त्यांनींच त्यांच्या जामिनासाठीं युक्तिवाद केला होता. १९०८ सालीं बॅरिस्टर जीनांनीं तोच युक्तिवाद त्यांच्यापुढें मांडला, आणि दावरांनीं जामीन नाकारला. यांत दावरांच्या शीलाची निंदा करण्याचें प्रयोजन नाहीं. माणूस तोच, कायदा तोच, आरोपी तोच. बदललें तें केवळ बसण्याचें आसन. आणि आसन बदलतांच वाचन बदललें. स्वराज्यांत जें पुढें घडलें, त्याची ही रंगीत तालीमच होय.

‘काळ’कर्त्या परांजप्यांची गोष्ट आणखी निराळी. त्यांचें शस्त्र व्याजोक्ति. ते सरकारची स्तुति करीत, आणि वाचकाला हंसूं येई. अशा लेखकाला शिक्षा करावयाची तर न्यायालयानें अगोदर असें कबूल करावें लागतें कीं, ही स्तुति खरी नाहीं हें आम्हांसहि कळलें. म्हणजे सरकार स्तुतीस पात्र नाहीं हें उघड आहे! १९०८ सालींच त्यांना एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर १९१० सालीं बंदी आली, ती १२४-अ खालीं नव्हे, पण वाचनाची रीत तीच. कीचकांत कर्झन व द्रौपदींत हिंदभूमि प्रेक्षकांना दिसते असें सरकारनें ठरविलें, व महाभारतांतील कथा धोक्याची झाली. रूपक ओळखण्यास संशयी मनासारखा रसिक नाहीं.

१९२२ सालीं अहमदाबादेस गांधींनीं या कलमाला निराळ्याच रीतीनें उत्तर दिलें. त्यांनीं अर्थाचा वाद घातलाच नाहीं. अपराध कबूल केला आणि सांगितलें कीं, प्रीति ही कायद्यानें निपजविण्याची किंवा नियमानें बांधून ठेवण्याची वस्तु नव्हे. न्यायमूर्ति ब्रूमफील्ड यांनीं मोठ्या आदरानें सहा वर्षांची शिक्षा दिली. पुढें १९४२ सालीं फेडरल कोर्टाचे मुख्य न्यायाधीश मॉरिस ग्वायर यांनीं नीहारेंदु दत्त मजुमदार यांच्या खटल्यांत सांगितलें कीं, सार्वजनिक शांततेचा भंग वा तसा संभव असल्याखेरीज हा गुन्हा होत नाहीं. सरकारच्या दुखावलेल्या अभिमानावर फुंकर घालण्यासाठीं हें कलम नाहीं. पण १९४७ सालीं, राज्य सोडण्याच्या अगदीं उंबरठ्यावर, सदाशिव नारायण भालेराव यांच्या मुंबई इलाख्यांतील प्रकरणांत प्रिव्ही कौन्सिलानें ग्वायर यांचा अर्थ फेटाळला व टिळकांच्या वेळचा कठोर अर्थच खरा ठरविला. जातां जातां इंग्रज आपलें हत्यार धार लावून ठेवून गेला, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

येथपर्यंतचा इतिहास आपण रोषानें व थोड्या अभिमानानें वाचतों, कारण त्यांतला खलपुरुष परका आहे. पुढचें प्रकरण अधिक अवघड आहे. १९४८ च्या डिसेंबरांत कन्हैयालाल मुनशी यांच्या सूचनेवरून घटनासमितीनें भाषणस्वातंत्र्याच्या मर्यादांतून ‘राजद्रोह’ हा शब्द काढून टाकला. १९५० सालीं घटना अमलांत आली, व त्याच सुमारास पंजाब हायकोर्टानें १२४-अ हें घटनाविरुद्ध ठरविलें. १९५१ सालीं पहिल्या घटनादुरुस्तीच्या वेळीं पंडित नेहरूंनीं संसदेंत या कलमाविषयीं आपला तिटकारा स्पष्ट शब्दांत व्यक्त केला, आणि तें जितक्या लवकर जाईल तितकें बरें, असें सांगितलें. मात्र त्याच दुरुस्तीनें भाषणस्वातंत्र्याच्या मर्यादांत ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे शब्द आले. कलम गेलें नाहीं. १९५८ सालीं अलाहाबाद हायकोर्टानेंहि तें रद्द मानलें. अखेर १९६२ सालीं बिहारांतील केदारनाथसिंग यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, हिंसेची चिथावणी किंवा सुव्यवस्थाभंगाचा रोख असेल तेथेंच हें कलम लागू करावें, आणि असा संकुचित अर्थ घेतल्यास तें घटनेशीं सुसंगत आहे. कलम वाचलें, आणि केदारनाथसिंग यांचें अपील फेटाळलें गेलें. व्याख्या सौम्य, दोष कायम! ‘प्रतोदा’चा न्याय पासष्ट वर्षांनीं पुन्हां झाला.

सर्वोच्च न्यायालयाचा हेतु शुद्ध होता याविषयीं शंका नाहीं. परंतु या निवाड्यानें एकाच कलमाचीं दोन पुस्तकें झालीं. एक कायद्याच्या अहवालांत, ज्यांत हिंसेची अट आहे. दुसरें पोलीस ठाण्यांत, ज्यांत अजून तेच जुने शब्द. फौजदाराच्या हातीं कलमाचे शब्द असतात, निवाड्याची समज नसते. त्यांतच १९७३ सालीं नवीन फौजदारी प्रक्रिया संहिता झाली, व तिनें राजद्रोहाचा गुन्हा वॉरंटाशिवाय पकडण्याजोगा केला. इंग्रजाच्या राज्यांत वॉरंटाशिवाय पोलिसाला या गुन्ह्याखालीं धरपकड करतां येत नव्हती. स्वराज्यांत करतां येऊं लागली. न्यायालयानें खटल्याची दखल घेण्यापूर्वीं सरकारची मंजुरी लागे हें खरें, पण ती पुढची पायरी; अटक त्याच्या आधींची. आणि या प्रकारच्या गुन्ह्यांत अटक हीच बहुधा शिक्षा असते. वर्षानुवर्षें तारखा, वकिलांची बिलें, नोकरीवर गदा, शेजाऱ्यांची कुजबूज. एवढें भोगून झाल्यावर निर्दोष सुटका झाली तर ती कोणाच्या उपयोगाची?

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. हा कायदा कां टिकला? सामान्यतः दोन उत्तरें दिलीं जातात. एक असें कीं, राज्यकर्ते दुष्ट आहेत; दुसरें असें कीं, देशाला शत्रू फार आहेत. पहिलें उत्तर आळशी आहे. हें कलम ज्यांनीं पाळलें त्यांत सर्व पक्षांचे लोक होते, आणि त्यांतील कित्येक त्याचेच पूर्वीचे बंदी होते. विरोधांत असतांना प्रत्येकाला तें जुलमी दिसलें आणि अधिकारावर बसल्यावर प्रत्येकाला तें उपयोगी वाटलें; दावरांची गोष्ट राष्ट्रीय प्रमाणावर घडली. शिवाय एखादा कायदा नवीन करावयाचा तर सरकारला हात वर करून मत द्यावें लागतें, वादाला तोंड द्यावें लागतें. जुना टिकवावयाचा तर कांहींच करावें लागत नाहीं. वडिलार्जित शस्त्र भिंतीवर टांगलेलें असतें. ‘आम्ही तें विकत आणलेलें नाहीं’ असें म्हणण्याची सोय, आणि वेळ पडल्यास हात पोंचतोच.

दुसऱ्या उत्तरांत मात्र तथ्यांश आहे व त्याला नीट तोंड दिलें पाहिजे. विधि आयोगानें २०२३ सालच्या आपल्या २७९ व्या अहवालांत हें कलम ठेवण्याची, एवढेंच नव्हे तर पर्यायी शिक्षा तीन वर्षांवरून सात वर्षांवर नेण्याची शिफारस केली. आयोगाचा एक मुद्दा असा कीं, कलम परक्यांनीं केलें एवढ्यावरून तें वाईट ठरत नाहीं. हें आम्हांस मान्य आहे. आपली न्यायव्यवस्था, पोलीस, पुराव्याचा कायदा, सारेंच त्या काळांत घडलेलें. जन्मावरून कायद्याची जात ठरवूं नये. दुसरा मुद्दा असा कीं, हें कलम गेलें तर त्याच्या जागीं अधिक कडक असे विशेष कायदे लावले जातील. यांतील कबुली मोठी बोलकी आहे. युद्ध पुकारणें, सशस्त्र उठाव, दंगा, खून, स्फोटकें, बेकायदा संघटना या प्रत्येकासाठीं स्वतंत्र कलमें व कायदे आहेत. तेव्हां हिंसा थांबविण्यास हें कलम लागत नाहीं. सौम्य औषध म्हणून तें ठेवावें असें म्हणणारानें हें सांगितलें पाहिजे कीं, रोग कोणता? तो रोग जर शब्दांत असेल, तर आपण फिरून १८९७ च्या कोर्टांतच येऊन उभे राहतों.

आमच्या मतें खरें कारण या दोहोंपेक्षां खोल आहे, आणि तें राज्यकर्त्यांत नसून वाचनाच्या संवयींत आहे. हें कलम म्हणजे मुळांत वाचनाची एक पद्धति होय. तिचीं दोन गृहीतें. पहिलें असें कीं, सामान्य वाचक हा मूल आहे. त्याच्या कानावर कठोर शब्द पडला कीं तो बिथरेल. दुसरें असें कीं, सरकार व देश हे एकच. परक्या सरकाराला पहिलें गृहीत उघडपणें मांडतां येत होतें, दुसरें मात्र मांडतां येत नव्हतें. कितीहि झालें तरी तें परकें. स्वकीय सरकाराला पहिलें उघडपणें मांडतां येत नाहीं, कारण त्या मुलांच्याच मतांवर तें निवडून येतें; पण दुसरें गृहीत त्याला फारच सहज मांडतां येतें. म्हणून लोकशाहींत या कलमाचा पाया डळमळला नाहीं. केवळ एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर गेला.

नुकत्याच झालेल्या बदलांत हें स्पष्ट दिसतें. ११ मे २०२२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें १२४-अ चा अंमल स्थगित केला. १ जुलै २०२४ पासून पिनल कोडाच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली. राजद्रोह जाऊन देशद्रोह आला, असें संसदेंत अभिमानानें सांगण्यांत आलें. नव्या १५२ व्या कलमांत ‘सरकार’ हा शब्द गुन्ह्याच्या व्याख्येंत राहिला नाहीं, ‘अप्रीति’ गेली, व हेतुपुरस्सर किंवा जाणूनबुजून केलेलें कृत्य हवें अशी अट आली. ही सुधारणा होय, आणि ती नाकबूल करणें अन्यायाचें होईल. परंतु सशस्त्र बंड व फुटून निघणें यांच्या शेजारीं ‘विध्वंसक कारवाया’ असे मोघम शब्द आहेत, आणि फुटीरपणाच्या ‘भावनां’ना उत्तेजन देणें हाहि गुन्हाच आहे. अप्रीति ज्या दारानें गेली त्याच दारानें भावना पुन्हां आंत आली. शिक्षा जन्मठेप, किंवा सात वर्षांपर्यंत कैद. डिसेंबर २०२४ मध्यें राजस्थान हायकोर्टानें नव्या कलमाचें मूळ जुन्यांतच असल्याचें ओळखून, सनदशीर मतभेदाविरुद्ध तें ढालीऐवजीं तलवार म्हणून वापरूं नये, अशा अर्थाचा इशारा दिला. व्याख्येनें कलम सौम्य करण्याचा तोच जुना मार्ग पुन्हां चालू झाला आहे.

नांवांतील बदल तर अधिकच विचार करण्याजोगा आहे. ‘राजद्रोह’ या शब्दांत एक प्रामाणिकपणा होता. कोणाचा द्रोह, तर राजाचा, सत्तेचा. हें त्यांत स्पष्ट होतें. म्हणूनच त्या आरोपाखालीं तुरुंगांत गेलेला माणूस ताठ मानेनें बाहेर येई. टिळकांना तो आरोप भूषण झाला. गांधींनीं तो आपण होऊन शिरावर घेतला. ‘मी राजद्रोही आहें’ असें म्हणणारास समाज नमस्कार करी. आतां ‘मी देशद्रोही आहें’ असें अभिमानानें कोण म्हणेल? त्याला नमस्कार कोण करील? परक्यांच्या कायद्यानें देहाला बेडी पडत होती, नांवाला पडत नव्हती. स्वकीयांच्या शब्दानें खटला उभा राहण्यापूर्वींच नांवाला बेडी पडते, आणि ती काढण्याचा अधिकार कोणत्याहि न्यायालयास नाहीं. या दृष्टीनें पाहतां नवें नांव हें जुन्याहून सौम्य नाहीं, फार कठोर आहे.

मराठी शब्दांचा विषय निघाला म्हणून महाराष्ट्रांतीलच एक उदाहरण. सप्टेंबर २०१२ मध्यें असीम त्रिवेदी या व्यंगचित्रकाराला राष्ट्रीय चिन्हांचा उपयोग करून काढलेल्या चित्रांबद्दल मुंबईंत राजद्रोहाच्या कलमाखालीं अटक झाली. मागाहून राज्यानें तें कलम मागें घेतलें, आणि २०१५ सालीं मुंबई हायकोर्टानें या प्रकरणीं निकाल देतांना पोलिसांसाठीं मार्गदर्शक तत्त्वें असावींत असें ठरलें. त्याप्रमाणें राज्य सरकारनें मराठी परिपत्रक काढलें. पण त्याच्या शब्दयोजनेंत सरकारचे प्रतिनिधि म्हणून लोकसेवक व लोकप्रतिनिधि हेहि येतात असा अर्थ निघूं लागला. म्हणजे नगरसेवकावर टीका केली तरी तो राजद्रोह! गवगवा झाला व त्याच वर्षीं परिपत्रक मागें घ्यावें लागलें. यांत कोणाचा कट नव्हता. स्वातंत्र्याचें रक्षण करण्यासाठीं लिहिलेला मजकूर कारकुनाच्या लेखणींतून उतरतां उतरतां सत्तेच्या रक्षणाचा झाला. संवय म्हणतात ती हीच.

इतर देशांचा अनुभव एका दृष्टीनें आशादायक आहे. खुद्द इंग्लंडानें हा गुन्हा २००९ सालीं आपल्या कायद्यांतून काढला. असे कालबाह्य गुन्हे आपल्याकडे राहिले तर इतर देश त्यांचा दाखला देऊन मतप्रदर्शन दडपतात, हेंहि एक कारण त्या वेळीं सांगण्यांत आलें. न्यूझीलंडानें २००७ सालीं व सिंगापुरानें २०२१ सालीं कायदा करून तो रद्द केला. २०२३ सालीं लाहोर हायकोर्टानें पाकिस्तानांतील १२४-अ घटनाविरुद्ध ठरविलें, हें तर आपण विशेष लक्षांत ठेवावें. एकाच आईच्या पोटचें तें कलम. या देशांपैकीं एकाचेंहि राज्य त्या कारणानें कोसळल्याचें ऐकिवांत नाहीं.

परंतु दुसऱ्यांनीं सोडलें म्हणून आपणहि सोडूं, असें होत नसतें. ज्या दिवशीं एखाद्या प्राध्यापकाला, विद्यार्थ्याला किंवा वार्ताहराला या आरोपाखालीं धरल्याची बातमी सकाळच्या पत्रांत येते, त्या दिवशीं आपल्या सुशिक्षित घरांतून पहिलें वाक्य कोणतें निघतें? ‘कांहींतरी केलें असल्याशिवाय का पकडलें असेल?’ त्यानें काय लिहिलें, तें आपण वाचलें का, हा प्रश्न चहा संपेपर्यंत कोणी विचारीत नाहीं. १८९७ सालीं पुण्यांतील घरांतून असें वाक्य निघालें नव्हतें. लोकांनीं तो ‘केसरी’ वाचला होता, आणि आपल्या वाचनावर त्यांचा सरकारी भाषांतरकारापेक्षां अधिक विश्वास होता. तो विश्वास आपण गमावला असेल, तर कलमाचा क्रमांक १२४-अ असो कीं १५२ असो, फरक पडणार नाहीं. संसद कलम रद्द करूं शकेल. दुसऱ्याच्या वतीनें वाचून घेण्याची संवय रद्द करण्याचा अधिकार मात्र वाचकाचाच.

मुंबई हायकोर्टाच्या ज्या दालनांत टिळकांना शिक्षा झाली, त्याच्या बाहेर त्यांचे त्या वेळचे उद्गार कोरलेली एक शिला आहे. १९५६ सालीं मुख्य न्यायाधीश छगला यांनीं तिचें अनावरण केलें. ज्या न्यायालयानें दोषी ठरविलें, त्यानेंच दोष आपल्याकडे घेतला. जगाच्या इतिहासांत अशीं उदाहरणें थोडीं. परंतु त्या दिवशीं १२४-अ हें कलम पिनल कोडांत जसेंच्या तसें होतें, आणि पुढें आणखी अडुसष्ट वर्षें राहिलें. बाहेर भिंतीवर आरोपीचा गौरव, आंत मेजावर त्याला धाडणारें कलम. आपण त्या शिलेपुढें आदरानें थांबतों व पुढें जातों. दोन्ही एकाच इमारतींत कसे राहूं शकले, हें तेथें उभें राहून आपण स्वतःस कधीं विचारलें नाहीं. आणि या कलमाच्या चिरंजीवित्वाचें त्याहून सरळ उत्तर आम्हांस तरी सांपडत नाहीं.